दोन चमचे लेसिथिन

डब्याचं झाकण उघडलं आणि सुभद्राला मळमळून आलं. आत पिवळट जाडसर चुरा होता, ओल लागलेल्या भुशासारखा एकमेकांना चिकटलेला. वास खवट खोबऱ्याचा.

"काय रे ह्या?" तिने नाकाला पदर लावला.

"लेसिथिन," प्रीतम म्हणाला. प्रीतम तिच्या नवऱ्याचा भाचा, धाकट्या नणंदेचा, नर्मदेचा मुलगा. गोव्यात हॉटेलात नोकरी करत होता, ती सोडून आता कुठल्याशा कंपनीचे डबे घरोघर विकायचा. उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा शर्ट, गळ्यात टाय. "सोयाबीनातसून काढतत, मामी. अंड्याच्या पिवळ्यातव आसता. मेंदू म्हणजे काय, सगळी चरबीच. मामांच्या मेंदूतली ती चरबी सुकली. सकाळी दोन चमचे दुधातसून दी. तीन म्हयन्यात मामा पयल्यासारखे होतले."

सत्यवान पडवीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसला होता. आयुष्यभर तो बोटींवर भंडारी होता, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. घरी यायचा तो पाहुण्यासारखा, आणि कायमचा घरी आला तेव्हा थोड्याच वर्षांत विसरायला लागला. आधी मिठाचा डबा, मग शेजाऱ्यांची नावं. गेल्या उन्हाळ्यात कट्टा गावच्या बाजाराला म्हणून निघाला आणि एस.टी.तून थेट ओरोसला जाऊन उतरला. स्टँडवर कुणीतरी पत्ता विचारला तर त्याने बोटीचं नाव सांगितलं. कुडाळच्या डॉक्टर अनुजा सामंत यांनी तपासण्या केल्या, स्मृतिभ्रंश असल्याचं सांगितलं. हा आजार मागे फिरत नाही, गोळ्यांनी फार तर थोडा सावकाश चालेल, हेही सांगितलं. त्याला मधुमेह तर जुनाच होता.

मागे फिरत नाही हे ऐकलेल्या बाईला कुणी तीन महिन्यांत पहिल्यासारखं होईल म्हणालं, तर ती डबा परत कसा करेल? सुभद्राने ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून घरातली सकाळ नासली. तो चुरा दुधात विरघळायचा नाही. गोळे व्हायचे, पेल्याच्या कडेला चिकटायचे, वर तेलकट साय धरायची. सत्यवान एक घोट घ्यायचा आणि तोंडातच धरून ठेवायचा. मग दूध हनुवटीवरून गळायचं, शर्टावर, मांडीवर. कधी तो सरळ तिच्या अंगावर थुंकायचा.

"गिळा ओ. गिळा मरे," ती म्हणायची. शेवटी लहान पोराला एरंडेल पाजतात तसं त्याचं नाक दाबून ती पेला ओतायची. त्याचे डोळे मोठे व्हायचे. ज्या माणसाने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, त्याचं नाक ती दाबत होती, आणि त्याला ती कोण हेही नीट कळत नव्हतं. नंतर त्याची कवळी काढून घासावी लागायची. दातांच्या फटींत पिवळा लगदा बसलेला असायचा, बोटाने निघायचा नाही, काडीने खरवडावा लागायचा. हाताला तो वास दुपारपर्यंत राही. जेवताना भाताच्या घासाबरोबर तोच वास तोंडाशी येई आणि ती ताट बाजूला सारी.

महिन्याने ती त्याला घेऊन कुडाळला गेली, तेव्हा डबा पिशवीतून घेऊनच गेली.

डॉक्टर सामंतांनी डब्यावरचं वाचलं. "हे विष नाही," त्या म्हणाल्या. "लेसिथिन आपल्या शरीरात असतंच, शरीर ते तयारही करतं. अंड्याच्या बलकात असतं, सोयाबीनात, शेंगदाण्यात, कलेजीत. चॉकलेटच्या पाकिटावरसुद्धा हे नाव दिसेल तुम्हाला. तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवायचं काम करतं ते."

"पण मेंदूक?" सुभद्राच्या तोंडून घरचीच भाषा निघाली. मग सावरून म्हणाली, "भाचा म्हणतो, मेंदूला लागतं."

"त्याचं अर्धं बरोबर आहे. लेसिथिनातून कोलीन मिळतं, ते मेंदूला लागतं. म्हणून तर या आजाराच्या लोकांना लेसिथिन देऊन बघितलं होतं संशोधकांनी. आठवण काही परत आली नाही. बाळंतिणीच्या दुधाच्या गाठी होतात तेव्हा काही डॉक्टर देतात, यकृतासाठीही त्याचा अभ्यास चाललेला असतो. पण यांच्यासाठी यात काही नाही. आणि तुमचा डबा खवट झालाय. त्यापेक्षा अंडं द्या, मासे द्या. गोड मात्र नको."

सत्यवान इतका वेळ भिंतीकडे बघत होता. तेल आणि पाणी हे शब्द त्याने कुठे धरले कोण जाणे, त्याचा उजवा हात हलायला लागला. मांडीवर वाटी धरल्यासारखा डावा हात, आणि उजव्याने गोल गोल फेटणं.

"थेंब थेंब," तो म्हणाला. "बदाबद वतायचा नाय. तेल थेंब थेंब. नायतर फाटता."

"मेयोनीज करायचे हे," सुभद्रा म्हणाली. "बोटीवरच्या सायबांना लागायचं."

"अगदी बरोबर, आजोबा," डॉक्टर हसल्या. "बलकातलं लेसिथिनच तेल फाटू देत नाही." पण तेवढ्यात हात थांबला होता आणि तो पुन्हा भिंतीकडे बघत होता.

घरी येऊन सुभद्राने डबा माळ्यावर टाकला. प्रीतमला काही बोलली नाही. भाच्याला दुखवायचं कसं? शिवाय तो आता रोज संध्याकाळी गाडी घेऊन यायचा आणि मामाला फिरायला न्यायचा. "मामानू, चला, खाडयेर जावया," म्हणत हात धरून गाडीत बसवायचा. तेवढा तास तिला मोकळा मिळे. ती अंघोळ करी, पाठ टेकी. स्वतःच्या मुलीने, संचिताने, मुंबईहून फोनवर जेवढी चौकशी केली नसेल तेवढं हा करतो, असं तिने दोघा-तिघांना सांगितलंही.

मग एका सकाळी ती चुलीवर अंघोळीचं पाणी बघत होती आणि मागे पडवीतून आवाज आला. सत्यवानचा, पण खणखणीत.

"माझं नाव सत्यवान पेडणेकर. तीन महिन्यांपूर्वी मी माझ्या पत्नीचं नावसुद्धा विसरलो होतो. आज मला सगळं आठवतं. माझ्या पत्नीचं नाव सुभद्रा आहे."

तिच्या हातातलं फुंकणीचं नळकांडं खाली पडलं. ती धावत बाहेर आली. तो खुर्चीत ताठ बसला होता आणि समोरच्या पोफळींकडे बघत होता. कित्येक महिने तो तिला नर्मदा म्हणायचा, कधी आई म्हणायचा, बहुतेक वेळा काहीच म्हणायचा नाही. ती त्याच्या पायाशी बसली आणि ढसढसा रडली. त्याने तिच्याकडे बघितलं आणि हात पुढे केला, तळवा वर करून. तिला वाटलं, धीर देतोय. तिने तो हात गालाला लावून धरला.

डॉक्टर काय, पुस्तकं वाचून बोलतात, असं तिने मनात म्हटलं. माळ्यावरून डबा काढला. दोन चमच्यांचे चार केले.

त्याने त्याचं पोट बिघडलं. दिवसातून चार-पाच वेळा लुगड्याचे तुकडे, चादरी, लेंगे धुवायचे. विहिरीच्या काठावर तो पिवळा चिकट घाणेरडा ओघळ दगडावर घासताना तिला ओकारी यायची आणि तरी ती घासत राहायची, कारण तो आता ते वाक्य रोज म्हणायचा. कधी कधी दोनदा. मधुमेहाची तपासणी केली तर साखर वर चढलेली. "गोड देताय का काही?" डॉक्टरांनी फोनवर विचारलं. देवाशपथ नाही, असं ती म्हणाली. मग तिने त्याचा भात कमी केला. आपलंच काही चुकत असेल, असं तिला वाटलं. त्याच्या शर्टाच्या खिशाला आतून तपकिरी डाग पडायचे, तेही तिने चहाचे समजून धुतले.

कसालच्या एका मंगल कार्यालयात कंपनीचा मेळावा होता. "मामांचो सत्कार आसा. तू पयल्या रांगेत बसाचा," प्रीतम सांगून गेला होता. सुभद्राने ठेवणीतलं जरीचं लुगडं नेसलं. शेजारची यशोदा बरोबर निघाली. तिच्या सुनेला, रियाला, बाळंतपणानंतर छातीत दुधाच्या गाठी होत होत्या, आणि डब्यावर तेही लिहिलेलं तिने वाचलं होतं.

हॉल गच्च भरला होता. पंखे गरम वारा ढकलत होते. अत्तर, घाम, मागच्या दारी तळणाऱ्या वड्यांचं तेल, सगळ्यांची मिळून एक जड वाफ झाली होती. स्टेजवर प्रीतमचा साहेब बसला होता, प्रत्येक बोटात अंगठी. प्रीतम माइकवर वेगळाच माणूस वाटत होता. शुद्ध भाषा, उंच आवाज. यकृत म्हणाला, गुडघे म्हणाला, त्वचा, केस, आईचं दूध, सगळं त्या एका डब्यात बसवलं. मध्येच विचारायचा, "पटतंय का?" आणि लोक ओरडायचे, "होऽ!" सुभद्रानेही म्हटलं. सगळे म्हणत होते.

"आणि आता माझे मामा!"

सत्यवानला नवा झब्बा घातला होता. केसांना तेल चोपडून भांग पाडलेला, कपाळाला लांबडं गंध. हे तिने केलं नव्हतं. प्रीतमने त्याला स्टेजच्या मध्यावर उभं केलं आणि माइक तोंडाशी धरला. दुसरा हात स्वतःच्या कोटाच्या खिशात.

"माझं नाव सत्यवान पेडणेकर. तीन महिन्यांपूर्वी मी माझ्या पत्नीचं नावसुद्धा विसरलो होतो."

इथे तो थांबला. घरी जिथे थांबायचा तिथेच, तेवढाच.

"आज मला सगळं आठवतं. माझ्या पत्नीचं नाव सुभद्रा आहे."

टाळ्यांनी हॉल दणाणला. यशोदाने तिला कोपराने ढोसलं, "बघ गो बघ!" पण सुभद्राच्या टाळीला आलेले हात तसेच राहिले. पत्नी. सगळ्या संसारात हा माणूस एकदाही पत्नी म्हणाला नव्हता. तिचं नावही त्याने कधी घेतलं नव्हतं. चारचौघांत घरातली म्हणायचा, घरात नुसतं गो. ही भाषाच त्याची नव्हती.

टाळ्या ओसरल्या तशी यशोदा हौसेने उठून उभी राहिली. वाईट तिच्या मनात काही नव्हतं. "भावजीनू," तिने ओरडून विचारलं, "आज काय जेवलास?"

सत्यवानने प्रीतमकडे बघितलं. तोंडाकडे नाही, त्या खिशातल्या हाताकडे. मग पुन्हा ताठ झाला.

"माझं नाव सत्यवान पेडणेकर. तीन महिन्यांपूर्वी मी माझ्या..."

लोक हसले, आणि हसता हसता पुन्हा टाळ्या वाजवल्या. प्रीतमने माइक पटकन काढून घेतला. खिशातून हात बाहेर आला, बोटांत सोललेलं चॉकलेट होतं. सत्यवानने तळवा वर केला होता, पण प्रीतमने ते सरळ त्याच्या तोंडात सारलं, घाईघाईने, जसा बैलाच्या तोंडात पेंडीचा गोळा कोंबतात. सत्यवान डोळे मिटून चघळायला लागला. तपकिरी लाळ त्याच्या हनुवटीवरून नव्या झब्ब्यावर उतरली. प्रीतमने ती टायच्या टोकाने पुसली आणि लोकांकडे बघून हसला.

तो वर आलेला तळवा तिने महिनाभर गालाला लावला होता. तो तिला धीर देत नव्हता. तो चॉकलेट मागत होता.

ती पायऱ्या चढून वर कशी गेली तिला कळलं नाही. तिने सत्यवानची हनुवटी धरली, तोंडात बोट घातलं आणि तो मऊ लगदा बाहेर काढला. हातावर लाळ आणि चॉकलेट ओघळत होतं. तिने तो हात प्रीतमच्या कोटाला पुसला, छातीवरून खाली पोटापर्यंत.

"मामी, ह्या काय करतंस!"

"ह्यांका साखर आसा," ती म्हणाली. माइक जवळ होता, तिचा आवाज सगळ्या हॉलभर गेला. "ह्यांका कायएक आठवणा नाय. ह्या मेल्यान चाकलेट दिवन दिवन पाठ करून घेतल्यान. माकडासारख्या."

अंगठ्यांवाला साहेब उठला, प्रीतमच्या हातातून माइक घेतला आणि गोड आवाजात म्हणाला, "माउलींच्या भावना आपण समजू शकतो. घरगुती गैरसमज आहे. आपण पुढच्या अनुभवाकडे वळूया." खालून एक माणूस ओरडला, "बाई, खाली बसा, मागच्यांना दिसत नाही!" पाच-सहा बायका उठून निघाल्या. बाकीचे बसून राहिले. सत्यवानला हाताला धरून ती दारातून बाहेर पडत होती तेव्हा डब्यांच्या टेबलापाशी रांग होती, आणि ती कमी झालेली नव्हती.

हे तिला सगळ्यात किळसवाणं वाटलं. त्यांनी बघितलं होतं, सगळ्यांनी, आणि तरी रांग होती.

यशोदा मागून धावत आली. तिच्या पिशवीत डबा होता.

"घेतलंस?" सुभद्राने विचारलं.

"तुझ्या घोवाक नाय लागू पडला म्हणान माझ्या सुनेकव नाय पडाचा, असा थोडाच आसा?" यशोदा खाली बघत म्हणाली. सुभद्राला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. यशोदाचं अगदीच खोटं नव्हतं. तरी रिक्षात तिच्याशेजारी बसणं तिला नको झालं. "पयली तिका डॉक्टराक दाखय," एवढंच ती म्हणाली, "आणि घेतलंच तर ह्या मेल्याकडचा घेव नको." सत्यवान वाटेत दोनदा ओकला. तिने त्याचं तोंड स्वतःच्या जरीच्या पदराने पुसलं.

आठवड्याने प्रीतम आला. टाय नव्हता. पडवीच्या पायरीवर उभा राहिला, वर यायची त्याची छाती झाली नाही. हातात केळ्यांचा घड होता.

"मामी, चुकला माझा. पण मी कोणाचा वायट केलंय? ता लेसिथिन काय जहर नाय. मामांका रोज फिराक नेलंय."

"तेंका साखर आसा ता तुका म्हायत होता."

"एकेक तुकडो, मामी. बारको." त्याने मान खाली घातली, मग एकदम वर बघितलं. "आणि मामा तुझा नाव बोलले तेव्हा तू रडलंस ना? माका मामांनी नाय, शेजाऱ्यांनी सांगल्यानी. किती आनंद झालो तुका. तो आनंद कोणी दिल्यान?"

त्याच्या तोंडावर खरंच काही तरी मागितल्याचा भाव होता, जणू तिने त्याचे आभार मानायचे राहिले होते. शेणात पाय पडावा तसं तिला झालं. कारण ती रडली होती, आणि ते सुख खरं होतं, आणि ते ह्याच्या हातचं होतं.

"मोबाइल काढ," ती म्हणाली. "मामांचा काय काय शूटिंग करून ठेवलंस ता सगळा माझ्या म्होरं पूस. नायतर पोलिसात जातंय."

त्याने काढला. एकेक व्हिडिओ तिला दाखवून पुसला. गाडीतले होते, खाडीवरचे होते. एकात सत्यवान वाक्य विसरून रडत होता आणि प्रीतमचा आवाज म्हणत होता, परत, मामा, परत. तो तिने शेवटपर्यंत बघितला. कंपनीने नेटवरच्या आपल्या पानावर टाकलेला मात्र पुसणं त्याच्या हातात नव्हतं. संचिताने मुंबईहून तक्रार केली, तेव्हा कुठे दोन-तीन आठवड्यांनी तो निघाला.

"केळी घेवन जा," सुभद्रा म्हणाली आणि दार लावून घेतलं.

साखर हळूहळू खाली आली. डॉक्टर सामंतांनी तिला रागावायचं ठरवलं असावं, पण सगळं ऐकून त्यांनी नुसता तिचा हात दाबला. चुरा बंद झाल्यावर सत्यवानचं पोट सुधारलं. उकडलेलं अंडं, पेज, बांगड्याचा काटे काढलेला तुकडा, एवढं तो मुकाट्याने खायचा. नाक दाबावं लागत नव्हतं.

वाक्य मात्र बरेच दिवस गेलं नाही. भूक लागली की तो ताठ बसायचा आणि सुरू करायचा. शेवटी तिचं नाव यायचं आणि मग तळवा वर. स्वतःचं नाव इतकं घाण वाटेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. ती तळव्यावर काहीच ठेवायची नाही, नुसती उठून जायची, मागच्या दारी उभी राहायची. मग वाक्य झिजायला लागलं. आधी त्यातले 'तीन महिने' गळले, मग 'पत्नी'. काही दिवस नुसतं सुभद्रा आहे, सुभद्रा आहे, असं चालायचं. एक दिवस तेही आलं नाही. तो भुकेला होता, तिच्याकडे बघून नुसता तोंडाने चपचप आवाज करत होता.

लोकांना वाटलं असतं, बिचारीचं नावसुद्धा गेलं. तिला सुटल्यासारखं वाटलं. तिने पेज वाढली आणि पहिल्यांदाच घाई न करता त्याला भरवली.

चतुर्थीच्या आधी नर्मदेचा फोन आला. आवाज रडवेला होता. "वैनी, आरतीक येव मां? प्रीतमाक घेवन येतंय. पोरगो आसा, चुकलो."

"तू ये," सुभद्रा म्हणाली. "तुझा म्हायार आसा, तुका कोण अडयतला? तेका घेवन येव नको."

मग नर्मदा म्हणाली, "बरा," आणि फोन बंद झाला.

सुभद्राने नखं कापायची कात्री घेतली, कोमट पाण्याचं भांडं घेतलं आणि सत्यवानसमोर बसली. त्याची वाढलेली नखं मळाने काळी झाली होती. एकेक बोट पाण्यात भिजवून ती कापायला लागली, आणि तो स्वस्थ बसून कात्रीचा आवाज ऐकत राहिला.